इंग्रजीत ‘डेक्कन’ लिहायचं तर मराठवाडा त्यात धरायचा की नाही?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तेरला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही काही जण मिळून इंग्रजीत चार पानी माहितीपत्रक करतोय. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, गोरोबाकाकांचं मंदिर, लामतुरे संग्रहालय, सगळ्यांवर मजकूर तयार आहे. घोडं अडलंय ते पहिल्याच वाक्यात. तेर कुठं आहे, हे परक्या माणसाला सांगायचं कसं? ‘मराठवाडा’ लिहिलं तर त्याला बोध होत नाही. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलं की त्याच्या डोळ्यांपुढं मुंबई येते. म्हणून मी ‘द डेक्कन’ लिहिलं, तर आमच्यातच दोन तट पडले. एक जण म्हणतो, डेक्कन म्हणजे हैदराबाद. दुसरा पुण्यात शिकून आलेला. तो म्हणतो, इंग्रजांच्या दप्तरात डेक्कन म्हणजे पुणे, सातारा, नगर, सोलापूर. मराठवाडा दोघांच्याही हिशेबात नाही!

माझं म्हणणं असं की तेरला डेक्कनमधून काढायचं झालं तर त्या नावाचा सगळ्यात जुन्यांपैकी एक परदेशी पुरावाच बाजूला ठेवावा लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला पेरिप्लस म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही. तो सांगतो की भडोचच्या पुढं किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडं सरळ जातो, म्हणून या मुलखाला ‘दखिनाबदेस’ म्हणतात, कारण इथल्या लोकांच्या बोलीत ‘दखनोस’ म्हणजे दक्षिण. आणि मग या मुलखातल्या दोन बाजारपेठा खास म्हणून सांगतो. भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून साधं कापड नि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला उतरायची.

तगर म्हणजे आमचं तेर. पूर्वी विद्वानांनी वेगवेगळी गावं सुचवली होती, पण फ्लीट या इंग्रज अभ्यासकांनी तेरची ओळख पटवल्यापासून ते मान्य झालं. शिलाहार राजे कोकणात नि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी इतकी मिळती आहे की दोन्ही एका परंपरेतल्या मानल्या जातात.

म्हणजे ज्या कागदात हे नाव अर्थासकट आलंय, त्याच कागदात मुलखाची ओळख म्हणून दिलेली दोन्ही गावं आज मराठवाड्यात आहेत. असं असताना आम्हीच हा शब्द वापरायला का बिचकायचं? जाणकारांनी सांगावं. आणि लिहायचं तर नेमकं कसं लिहायचं, तेही.

गोदातीरी

तेरकर, मी पैठणचा. पूर्ण सहमत, आणि थोडी भर घालतो.

नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राजाला ‘दखिनापठपति’ म्हटलंय. गुजरातेत जुनागडला रुद्रदामन या शक राजाचा इ. स. १५०च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात तो अभिमानानं सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा उघड लढाईत हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळं त्याचा नाश केला नाही. शत्रूच्या लेखातसुद्धा पदवी हीच आहे. या सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आमचं गाव. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात ‘बैठण’ लिहून तिथल्या राजाचं नावही दिलंय, ते पुळुमावीचं.

‘दक्षिणापथ’मध्ये ‘पथ’ आहे, हे विसरू नका. ती आधी वाट होती, नंतर मुलूख झाला. उत्तरेकडून येणारा व्यापारी ज्या वाटेनं खाली उतरायचा तिच्यावरची पेठ म्हणजे पैठण. त्यामुळं हैदराबाद आधी की पुणे आधी, हा वाद फार अलीकडचा आहे.

एक घरगुती गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पूजेच्या संकल्पात ‘दंडकारण्ये देशे गोदावर्या दक्षिणे तीरे’ म्हणतात. आम्ही पैठणकर ‘उत्तरे तीरे’ म्हणतो, कारण गाव नदीच्या उत्तर काठाला. पुण्याला माझ्या चुलत बहिणीच्या वास्तुशांतीला तिथले गुरुजी ‘दक्षिणे तीरे’ म्हणाले तेव्हा आमच्या वडिलांनी मान वर करून पाहिलं. मग त्यांच्याच लक्षात आलं की पुण्यासाठी तेच बरोबर. आपला पत्ता सांगायची ही जुनी रीत. नदी कुठली, आपण कुठल्या काठाला, आणि शक कोणाचा, तर शालिवाहनाचा. दख्खनची ओळख अजून रोज अशी उच्चारली जाते, आणि तिच्या मधोमध गोदावरी आहे.

सध्या पुण्यात

मी औशाचा. इथं डेक्कन म्हणजे जिमखान्याचा भाग, बास. बसमध्ये कंडक्टर ‘डेक्कन, डेक्कन’ ओरडायलाय आणि मला पहिल्या आठवड्यात कळेना की आपण तर डेक्कनमध्येच आहोत, मग उतरायचं कुठं. पुढं बघितलं तर ही सगळी नावं जवळजवळची आहेत. डेक्कन कॉलेज हे नाव १८६४चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची, जिमखाना १९०६चा, डेक्कन क्वीन १९३०ची. साठ-सत्तर वर्षांत एका शहरानं हे नाव इतकं वापरलं की बाकीच्यांना ते आपलं वाटेनासं झालं. पुणेकरांनी मुद्दाम केलं असं नाही म्हणत. पण आपल्याकडच्या पोरांनी तरी मूळ अर्थ सोडू नये.

खुलताबादी

धागा चांगला आहे. दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे नाव राजकारणात जसं फिरलं तसा त्याचा आवाका बदलला. सोळा-सतराव्या शतकाच्या सांध्यावर फारसीत लिहिणारा इतिहासकार फरिश्ता एक वंशावळ देतो. हिंदचा मुलगा दखन, आणि दखनचे तीन मुलगे मरहट, कन्हर आणि तिलंग. कथा म्हणून ती सोडून द्या, पण तिच्यातून त्या काळच्या माणसाच्या मनातला नकाशा दिसतो. दखन म्हणजे मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारा मुलूख. तमिळ आणि मलयाळम त्यात नाहीत. माझ्या वाचनात आलेल्या व्याख्यांमध्ये मला हीच सगळ्यात उपयोगाची वाटते. तिन्ही भावांच्या शेताची धुरे जिथं एकमेकाला लागतात तो भाग म्हणजे बिदर, उदगीर, देगलूर, नळदुर्ग. आपल्याकडं आजही एकाच बाजारात तीन भाषा ऐकू येतात, त्या काही कालपरवा आलेल्या नाहीत.

पुढं १३४७ साली बहमनी राज्याची सुरुवात झाली ती दौलताबादेत, राजधानी नंतर गुलबर्ग्याला गेली. त्या दरबारात ‘दख्खनी’ आणि ‘आफाकी’ असे दोन पक्ष होते. इथं रुजलेले ते दख्खनी, इराण-तुराणाकडून नव्यानं आलेले ते आफाकी. ‘दख्खनी’ म्हणजे इथला, या मातीतला, असा अर्थ तेव्हाच आला होता. बहमनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या. इंग्रजी पुस्तकांत त्यांना डेक्कन सल्तनत म्हणतात, आणि आजचा मराठवाडा त्यातल्या निजामशाही, इमादशाही, बरीदशाही आणि आदिलशाही यांच्यात वाटला गेला होता. परांडा, औसा, कंधार, उदगीर हे किल्ले बघा, हातोहात फिरलेले.

मोगलांच्या कागदात दख्खन म्हणजे नेमके सुभे. १६३६ला शाहजहानानं औरंगजेबाला दख्खनचा सुभेदार केलं तेव्हा ते चार होते: दौलताबाद, वऱ्हाड, खानदेश, तेलंगण. विजापूर नि गोवळकोंडा पडल्यावर सहा झाले. १७१९ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्या याच ‘दख्खनच्या सहा सुभ्यांच्या’ चौथाई आणि सरदेशमुखीच्या. त्या सहांत एक सुभा औरंगाबाद, एक बिदर. म्हणजे मराठेशाहीच्या सगळ्यात मोठ्या हक्काचा जो कागद आहे, त्यात मराठवाडा दख्खन म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. याहून कोणता पुरावा हवा?

मलिक अंबरानं वसवलेली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, मोगल दख्खनचं मुख्य ठाणं होतं. १७२४ला आसफजाह स्वतंत्रपणे कारभार करू लागला तोही इथूनच. हैदराबादेला राजधानी गेली ती १७६३च्या सुमारास. दख्खनचा पहिला निजाम आमच्या खुलताबादेत पुरलेला आहे, औरंगजेब तिथंच, मलिक अंबरही तिथंच. आणि उर्दू शायरीचा आद्य कवी ज्याला म्हणतात तो वली ‘दखनी’ही औरंगाबादचा.

मग हैदराबादला ‘डेक्कन’ कसं चिकटलं? राजधानी हलली पण पदवी तीच राहिली. कंपनीच्या तहांत निजामाला ‘दख्खनचा सुभेदार’च म्हटलंय. शिवाय सिंधमध्ये दुसरं हैदराबाद आहे, त्यामुळं पत्ता लिहिताना ‘हैदराबाद, डेक्कन’ लिहावं लागे. नामपल्लीच्या रेल्वे स्टेशनला अजून हैदराबाद डेक्कन म्हणतात ते त्यामुळंच.

सीनाकाठ

पुण्याहून शिकून आलेल्या मित्राचं म्हणणं कुठून आलं ते मी सांगतो, कारण आमचा तालुका त्या हद्दीवरच आहे.

१८१८ला पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. त्याच्या ताब्यात आलेला मुलूख म्हणजे पेशव्यांचा. निजामाचा मुलूख निजामाकडंच राहिला. तेव्हापासून मुंबई सरकारच्या इंग्रजी कागदात ‘डेक्कन’ म्हणजे घाटमाथ्यावरचे आपल्या ताब्यातले जिल्हे, असा अर्थ रूढ झाला. अभ्यासक त्याला ‘बॉम्बे डेक्कन’ म्हणतात. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. इंग्रजीत ते ‘डेक्कन रायट्स’. पण ते घडलं पुणे आणि नगर जिल्ह्यांत. त्यावर १८७९ला जो डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. १९३३ला ‘डेक्कन स्टेट्स एजन्सी’ झाली, तिच्यात कोल्हापूर, सांगली, भोर, फलटण, औंध. इथंही आपण नाही.

आता हद्द बघा. काही भागात सीना नदी हीच इंग्रज आणि निजाम यांच्यातली हद्द होती. पलीकडच्या काठाचा कुणबी मुंबईच्या दप्तरात ‘डेक्कनचा शेतकरी’, आणि अलीकडच्या काठाचा कुणबी हैदराबादच्या दप्तरात. जमीन तीच, ज्वारी तीच, सोयरीक दोन्ही काठांना. माझी आजी पलीकडच्या गावची, आजोबा अलीकडचे. तिच्या माहेरच्या शेतावर सावकाराच्या विरोधात कायद्याचं छत्र होतं, सासरच्या शेतावर तो कायदा नव्हता.

म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं वाचताना ‘डेक्कनमध्ये असं झालं’ हे वाक्य आलं की आधी ते मुंबईचं डेक्कन आहे की निजामाचं, हे बघा. आपल्याकडच्या कितीतरी निबंधांत सुप्याचे आकडे उचलून मराठवाड्याला लावलेले दिसतात. आपल्या शेतकऱ्याची हकीकत वेगळी होती आणि ती वेगळी लिहिली जायला हवी.

बालाघाटी

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

आमच्या घरी जुन्या कागदांचं एक गाठोडं आहे. त्यावर उर्दूत ‘हैदराबाद दक्कन’ लिहिलेलं आहे. माझे चुलत आजोबा स्टेट काँग्रेसच्या चळवळीत होते, तुरुंगात गेले. आमच्या घरात ‘दक्कन’ म्हणजे निजामाचं राज्य, आणि १७ सप्टेंबर १९४८ला आपण त्यातून सुटलो. मराठवाडा हे नाव आपल्या माणसांनी कष्टानं उभं केलंय. १९५६ला मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात, आणि दर वेळी आपलं वेगळेपण या एका नावावर टिकलं. आता पाहुण्याला कळत नाही म्हणून आपणच ते मागं ठेवायचं? त्याला कळत नसेल तर कळेल असं लिहा. बाहेरचा माणूस तोस्काना नि बाव्हेरिया ही नावं शिकतोच ना?

खुलताबादी

बालाघाटी, तुमच्या घराण्याचा त्याग मोठा आहे, त्याला हात जोडतो. फक्त एवढंच म्हणतो की निजामानं हे नाव निर्माण केलं नाही, त्याला ते पदवीबरोबर मिळालं. त्याच्या आधी १५०० वर्षं ते इथं होतं. त्याच्यामुळं ते आपण टाकून द्यावं असं मला वाटत नाही. बाकी ‘मराठवाडा’ छापलंच पाहिजे, यात दुमत नाही.

काळी माती

मी नांदेडचा, भूगोल शिकवतो. इतिहासवाल्यांनी राज्यांच्या हद्दी सांगितल्या, मी खडकाची सांगतो. ती कुठल्या तहानं बदलत नाही.

इंग्रजीत डेक्कन हा शब्द सगळ्या जगात आज कशामुळं माहीत असेल तर तो ‘डेक्कन ट्रॅप्स’मुळं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा बाहेर पडून थरावर थर साचले, त्याचा हा काळा पत्थर. आज त्यानं साधारण ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. डायनासोर नाहीसे होण्याच्या चर्चेत जगभरचे शास्त्रज्ञ हे नाव घेतात. ‘ट्रॅप’ म्हणजे इथं सापळा नाही. तो स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. बालाघाटाचे किंवा अजिंठ्याचे डोंगर लांबून बघा, एकावर एक पायऱ्या रचल्यासारखे दिसतात, ते एकेका थराचे कडे. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात वरून खाली खोदत आणलंय.

आता आमच्या जिल्ह्याची गंमत. नांदेडहून देगलूरकडं निघालात की काळी जमीन हळूहळू संपते. माती तांबूस होते, रेताड होते, आणि शेतात गोल गोल मोठे धोंडे दिसू लागतात. तो ग्रॅनाइट. लाव्ह्याचा थर तिथं विरत जातो आणि खालचा जुना खडक उघडा पडतो. मी दर वर्षी पोरांना घेऊन जातो आणि दोन्हीकडची मूठ मूठ माती त्यांच्या हातात देतो. काळी माती ओली केली की बोटांना चिकटून बसते, सुटता सुटत नाही. तांबडी झटकली की जाते. पोरांना नकाशा दाखवायची गरज पडत नाही.

जुन्या इम्पिरियल गॅझेटिअरनंही हैदराबाद संस्थानाचे दोन भाग पाडले ते याच आधारावर. एकीकडं ट्रॅपचा दगड, काळी जमीन, गहू आणि कापूस. दुसरीकडं ग्रॅनाइट, तळी आणि भात. पहिल्याला नाव दिलंय मराठवाडा, दुसऱ्याला तेलंगण. बालाघाटींनी हे लक्षात घ्यावं. आपलं नाव इंग्रजी छापील कागदात १९०८लाही होतं.

एक दुःखाची आठवण पण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सगळं जग चकित झालं, कारण हा भाग स्थिर समजला जात होता. नंतर किल्लारीला खोल भोक पाडून पाहिलं तर जवळपास ३४० मीटर ट्रॅप आणि त्याखाली जुना खडक लागला. त्या भूकंपाबद्दलचे इंग्रजी शोधनिबंध उघडा, मराठवाडा हा शब्द क्वचित, ‘डेक्कन’ पानोपानी. आपल्या माणसांच्या दुःखाची नोंद जगात या नावाखाली झालेली आहे. म्हणून हे नाव आपलं नाही असं मला म्हणवत नाही.

घोंगडी

आम्ही मेंढपाळ माणसं. सरकारी नोंदीत आमच्या काळ्या मेंढीच्या जातीचं नाव ‘डेक्कनी’ आहे. तिच्या लोकरीची घोंगडी नगरच्या बाजूला विणतात तशी आमच्या बीड-धाराशिवकडंबी विणतात. मेंढरं चरत चरत सीना ओलांडायची, त्यांना कोणी हद्द विचारली नाही. आमच्या लेखी दख्खन म्हणजे जिथवर ही मेंढी जगते तिथवर. कोकणातला पाऊस तिला सोसत नाही.

तास सहावा

लातूरला इंग्रजी शिकवते. तेरकरांनी ‘नेमकं कसं लिहायचं’ विचारलंय त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, ते देते.

नुसता प्रदेश म्हणून लिहिताना आधी ‘द’ घालायचा. ‘द डेक्कन’, जसं ‘द कोकण’. जुन्या इंग्रजीत ‘द पंजाब’ आणि ‘द कर्नाटिक’ही होतं. ‘पंजाब’चा ‘द’ बहुतेक गळून गेला, डेक्कनचा टिकला. ‘मराठवाडा’, ‘खानदेश’, ‘बेरार’ यांना मात्र तो लागत नाही. डेक्कन विशेषणासारखं आलं तर पुढच्या नामाकडं बघा. ‘द डेक्कन प्लॅटो’ म्हणतात, पण ‘डेक्कन हिस्टरी’ला आधी ‘द’ नको. प्रदेश असेल तर ‘इन द डेक्कन’, पठार म्हणायचं असेल तर ‘ऑन द डेक्कन प्लॅटो’. आपल्या पर्यटनाच्या फलकांवर ‘इन डेक्कन’ असं दिसतं. इंग्रजी वाचणाऱ्याला ते एखाद्या गावाचं नाव वाटतं.

स्पेलिंगमध्ये आज दोन सी हेच रूप सगळीकडं चालतं. पण जुने कागद संगणकावर शोधताना एवढ्यावर थांबू नका. एकच सी, दोन के, के-एच, अशी रूपं सापडतात. कर्नल साइक्स यांनी १८३०च्या दशकात इथल्या पक्ष्यांची यादी केली, तिच्यात तर ‘दुखुन’ वाचलं जाईल असं स्पेलिंग आहे. आपल्या नावाचंही तसंच. ‘मराठवाडा’ त्या काळी शेवटी आर घालून लिहायचे, कारण आपला ‘ड’ इंग्रजांच्या कानाला ‘र’ वाटायचा. ‘वऱ्हाड’चं ‘बेरार’ झालं त्यातही शेवटचा ‘ड’ असाच गेला. माझ्या एका विद्यार्थिनीला परदेशातल्या ग्रंथालयाच्या यादीत मराठवाड्यावर एकही जुना कागद सापडत नव्हता. आर घालून शोधल्यावर पान भरलं.

आणि अर्थाचं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या कोशात या शब्दाखाली तीन गोष्टी एकत्र दिल्यात. सर्वसाधारण अर्थ दक्षिण हिंदुस्थान, आणि विशेष करून दोन घाटांमधलं पठार. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो विजापूरच्या राज्याला लावला. इंग्रजांनी अलीकडं हैदराबादला लावला. म्हणजे १८८६मध्येही जाणत्या माणसांना ठाऊक होतं की हा शब्द बोलणाऱ्यागणिक बदलतो.

‘साउथ इंडिया’ हा पर्याय मात्र अजिबात घेऊ नका. आज त्याचा अर्थ तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण असा ठरून गेलाय. महाराष्ट्र साउथ इंडियात नाही पण डेक्कनमध्ये आहे. गुजरातेत मराठी माणसाला ‘दक्षिणी’ म्हणतात. उत्तरेकडून बघणाऱ्याला नर्मदा ओलांडली की दक्षिण. आपल्याला दक्षिण म्हटलं की मद्रास आठवतं. ‘डेक्कन’ हा एकच इंग्रजी शब्द आपल्याला आपल्या जागी ठेवतो.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच आम्ही बसलो आणि हा धागा मोठ्यानं वाचला.

बालाघाटींचं आम्ही मानलं. पहिल्या वाक्यात मराठवाडा आधी येईल, आणि तो कुठं आहे हे सांगायला डेक्कन मागून येईल. मसुद्याचा आशय मराठीत देतो: ‘तेर हे महाराष्ट्राच्या मराठवाडा भागातलं, दख्खनच्या पठारावरचं गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याला ते तगर म्हणून ठाऊक होतं, आणि ज्या मुलखाचं नाव पुढं इंग्रजीत डेक्कन झालं, त्यातल्या दोन खास पेठांपैकी ही एक.’ बाईंनी सांगितल्याप्रमाणं पठारासाठी ‘ऑन द डेक्कन प्लॅटो’ केलंय.

आत जिथं एकोणिसाव्या शतकाचा उल्लेख आहे तिथं नुसतं डेक्कन न लिहिता ‘निजामाच्या राज्यात’ असं स्वच्छ लिहिलंय. सीनाकाठ, ते तुमच्यामुळं. आणि काळी माती सरांनी सांगितलेल्या ट्रॅपच्या पायऱ्यांवर दोन ओळी घातल्यात, कारण लोक तेरला येताना बालाघाटाचे डोंगर बघतच येतात. हैदराबादवाल्या मित्राला खुलताबादींचा प्रतिसाद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, १७६३च्या आधीचं मला कोणी शिकवलंच नव्हतं.

एक राहिलं. पेरिप्लसमध्ये पैठणहून तगर ‘पूर्वेला’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात तेर पैठणच्या आग्नेयेला येतं. तसंच ठेवायचं की बदलायचं?

गोदातीरी

जुन्या लेखकाच्या तोंडचं आहे ते पूर्वेलाच ठेवा, त्याचं वाक्य आपण बदलू नये. खाली नकाशा द्या, त्यात आग्नेय आपोआप दिसेल. आणि तोच नकाशा मला पाठवा. पैठणच्या पत्रकात भडोच, पैठण, तेर अशी वाट मला दाखवायचीच आहे. दोन्ही गावांचं एकसारखं छापलं तर पाहुणा पैठणहून परत न फिरता पुढं तेरपर्यंत येईल.

तास सहावा

छपाईला देण्याआधी इंग्रजी मजकूर एकदा माझ्याकडं पाठवा. रविवारी बघून देते.